लेबर डेची सुट्टी हवी, युनियन नको!

आज लेबर डे, म्हणजे अमेरिकेतली कामगार दिनाची सुट्टी. इथे मिशिगनमध्ये, नोव्हायला आपल्याच लोकांकडे बार्बेक्यू होतं. कणसं भाजून झाली, वडापाव आले आणि एक गृहस्थ सुरू झाले. "हे यूएडब्ल्यूवाले महाआळशी. नट पिळायचे तासाला चाळीस डॉलर!" यूएडब्ल्यू म्हणजे गाड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांची युनियन. सगळे खो खो हसले. मला नाही हसू आलं. घरी आले तरी डोकं तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

अहो, ज्या सुट्टीत कणीस खात होतात ती कामगार संघटनांनी मागून मागून मिळवलेली आहे. १८९४ साली राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडसाहेबांनी ती देशभर लागू केली आणि त्याच उन्हाळ्यात पुलमन या रेल्वेडबे बनवणाऱ्या कंपनीतला संप मोडायला सैन्यही धाडलं.

माझी नोकरी गेली तेव्हाचं तुमच्यातल्या काहींना माहीत आहे. सकाळी व्हिडिओ कॉल, समोर मॅनेजर आणि एचआरची एक अनोळखी बाई. चहा गार व्हायच्या आत सगळं आटोपलं. कारण विचारलं तर "बिझनेस डिसिजन". लॅपटॉप तिथेच बंद. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असल्यामुळे हातात ६० दिवस, तेवढ्यात दुसरं काही जमलं नाही तर चंबूगबाळं आवरा. आणि यात बेकायदा काही नाही बरं का! इथली बहुतेक नोकरी 'ॲट विल', म्हणजे मालकाच्या मर्जीची.

त्याच सुमारास आमच्या शेजाऱ्यालाही साहेबांनी चौकशीला बोलावलं होतं. गाड्यांच्या कारखान्यात लाइनवर काम करणारा माणूस. तो एकटा गेलाच नाही, युनियनच्या स्टुअर्डला, म्हणजे कारखान्यातल्या प्रतिनिधीला घेऊन गेला. शिक्षेची भीती असलेल्या चौकशीत आपला माणूस शेजारी बसवून घेण्याचा हक्क त्याला आहे, सुप्रीम कोर्टाच्या १९७५ च्या वाइनगार्टन निकालापासून. हे त्याने मला अंगणात उभ्या उभ्या सांगितलं, अगदी सहज. माझ्या त्या कॉलवर माझ्या बाजूचं कोण होतं? मास्टर्स डिग्री होती फक्त.

आणि ते चाळीस डॉलर. २०२३ मध्ये यूएडब्ल्यूचे लोक सहा आठवडे संपावर बसले, आठवड्याला ५०० डॉलर संपभत्त्यावर घरं चालवली, तेव्हा कुठे करार झाला. त्यातला सर्वात वरचा दर २०२८ पर्यंत चाळिशीपलीकडे जाणार आहे. रुजू झालेल्या पोराला पहिल्या दिवशी कोणी चाळीस देत नाही. बर्च रनच्या आउटलेटला सेल बघायला जाता ना? वाटेत फ्लिंट लागतं. तिथे १९३६-३७ च्या कडाक्याच्या थंडीत कामगार ४४ दिवस जनरल मोटर्सच्या कारखान्यातच ठाण मांडून बसले होते, तेव्हा कंपनीने याच युनियनला मान्यता दिली.

हो, यूएडब्ल्यूचे दोन माजी अध्यक्ष पैसे खाऊन तुरुंगात गेले. मान्य. पुढे बोला.

पुढे म्हणजे दत्ता सामंत निघालेच! "डॉक्टरांनी गिरण्या बुडवल्या." १९८२ च्या संपात गिरणगाव होरपळलं, खरंय. पण त्या जमिनींवर टॉवर कोणाचे उभे राहिले हा विषय मात्र बार्बेक्यूत निघत नाही.

शेजाऱ्याबद्दल अजून थोडं. माझे ते ६० दिवस भर हिवाळ्यात आले. आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ तो न सांगता काढून जायचा. आणि याच माणसाने २०२४ ला ट्रम्पना मत दिलं! २०२३ च्या संपात बायडन स्वतः पिकेट लाइनवर, म्हणजे कारखान्याबाहेर निदर्शनं करणाऱ्या संपकऱ्यांत येऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी ट्रम्प मिशिगनमध्येच आले, भाषण केलं ते युनियन नसलेल्या कारखान्यात. मी त्याच्याशी यावरून भांडले आहे. तो म्हणतो, कारखाने मेक्सिकोत गेले तेव्हा दोन्ही पक्ष झोपले होते. यावर माझ्याकडे फारसं उत्तर नव्हतं, पण राग होता. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्पनी युनियन आणि मालकांचे वाद बघणाऱ्या सरकारी कामगार मंडळाच्या एका सदस्य बाईंना काढून टाकलं आणि निर्णय घ्यायला लागणारा मंडळाचा कोरमच गेला, तेव्हा मी त्याला ती बातमी पाठवली. त्याने उत्तरात नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवला. कशाला ते अजून कळलेलं नाही.

असो, राग जरा उतरला. आता आयटीतल्या माझ्या भावाबहिणींसाठी एक माहिती, कारण आज तिघांना सांगितली आणि तिघेही दचकले. एच-वन-बीवाल्यांना युनियनमध्ये जायला इथल्या कायद्यात बंदी नाही. हाताखाली माणसं नसली की झालं. ऑफिसात कोणाला तरी विचारून बघा. जेवणाच्या सुट्टीत विचारा, आणि स्लॅकवर, म्हणजे ऑफिसच्या चॅटवर तर मुळीच नको.