पेशीमोजणीच्या कॅसेटबाबत खुलासा

‘एकदाच वापरायच्या कॅसेटमध्ये नमुना ओढला की यंत्र एकूण पेशी मोजते, आणि कॅसेट धुऊन पुन्हा चालते’ असा संदेश प्रयोगशाळांतून फिरतो आहे. त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

कॅसेटमध्ये (नमुना भरायच्या छोट्या डबीत) प्रोपिडियम आयोडाइड हे रंगद्रव्य असेल, तर ते अखंड पटल असलेल्या, म्हणजे जिवंत पेशीत शिरत नाही. ते मृत पेशींच्या डीएनएला चिकटून लाल चमकते, म्हणून नमुना थेट भरल्यास मिळणारा आकडा फक्त मृत पेशींचा असतो. एकूण संख्येसाठी नमुन्यात आधी पेशी फोडणारे आणि मग स्थिर करणारे द्रावण प्रत्येकी नमुन्याइतकेच मिसळून दुसरी कॅसेट भरावी लागते, व नमुना असा तिप्पट विरळ झाल्याने वाचन तीनने गुणावे लागते (हा गुणाकार विसरणारे पुष्कळ). समजा, दुसरे वाचन मिलिलिटरला ३ लाख आले, तर एकूण पेशी ९ लाख. थेट वाचन, म्हणजे मृत पेशी, ९० हजार असल्यास जिवंत पेशी ९० टक्के.

धुण्याविषयी सांगायचे तर, आतल्या नलिकेत वाळवून ठेवलेले रंगद्रव्य पहिल्याच नमुन्यात विरघळते. काचेचा हिमोसायटोमीटर (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायची रेघांची पट्टी) खुशाल धुवावा. कॅसेट मात्र रंगद्रव्यासह घातक कचऱ्यातच टाकावी.