सरपंच होऊ इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास हिताच्या चार गोष्टी

इंदुरात रामबागेत किंवा सुदामानगरात राहून, रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना ज्यांच्या मनात ‘गावाकडची आजोबांची बारा बिघे जमीन बटाईने का द्यावी, आपणच जाऊन शेती करू आणि जमलेच तर चार लोकांची सेवाही करू’ असा शुभ विचार आला असेल, त्यांचे प्रथम अभिनंदन करतो. हा विचार दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाऊन झाल्यावरही टिकला, तर पुढील मजकूर आपल्या उपयोगाचा आहे. आमचे थोरले बंधू, ज्यांना घरात आम्ही दादा म्हणतो आणि गाव ‘सरपंच साब’ म्हणते, २०२२ च्या पावसाळ्यात निवडून आले. मी दर रविवारी मोटारसायकलने तिथे जातो, त्यांच्या ओसरीवर चहा पितो आणि त्यांची फजिती जवळून पाहतो, एवढाच या विषयातील माझा अधिकार.

सर्वप्रथम जमीन आपल्या नावावर आहे की नाही ते पाहावे. महाराष्ट्रातील पाहुणे इथे आले की सातबारा विचारतात. आपल्याकडे खसरा आणि बी-१ असतो आणि पुष्कळदा त्या दोन्हींत आजोबा अजून हयात असतात. भू-राजस्व संहिता १९५९ सालची आहे आणि तिच्या ११०व्या कलमान्वये नामांतरण होते, हे आपणांस पाठ असले तरी बोलून दाखवू नये, कारण कलम सांगणाऱ्या माणसाची फाइल आपोआप तळाशी जाते. बैठकीत होळकर दरबारची सनद चौकटीत लावलेली असेल तर ती तशीच राहू द्यावी. पटवारी ती मोठ्या आदराने पाहतो, चहा घेतो आणि समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारने कुटुंबाला दिलेला ओळख क्रमांक, विचारतो.

आता पदाविषयी. आपण निवडून येणार आहात ती पंचायत कोणा पुढाऱ्याच्या मेहेरबानीची नाही, ती घटनेची आहे. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झाली आणि तिच्याप्रमाणे निवडणुका घेण्यात आपला मध्य प्रदेश १९९४ साली सर्वांच्या पुढे होता. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय दिलेले आहेत आणि त्यांतला पहिला विषय शेती हा आहे. दादांनी शपथविधीनंतर पंचायत भवनातील लोखंडी कपाट उघडून शेतीची फाइल शोधली. नाली, रस्ता, शौचालय, घरकुल, पेन्शन, नळ अशा सर्व फाइली मिळाल्या, शेतीची मिळाली नाही. सचिवांनी त्यांना समजावले की शेती हा विषय पंचायतीचा असला तरी काम खात्याचे आहे. आपण असली शोधाशोध करू नये. शेतकऱ्याने पंचायतीत शेती शोधणे हे गावात पोरकटपणाचे लक्षण मानले जाते.

जागा महिलांसाठी राखीव निघाली तरी निराश होण्याचे कारण नाही. राज्यात निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत आणि त्यामुळेच ‘सरपंच पती’ हे घटनेत कुठेही न सापडणारे पद इतके भरभराटीला आले आहे. वहिनींनी सही करावी, आपण खुर्चीवर बसावे आणि फोटोच्या वेळी तेवढे उठावे, असा शिरस्ता आहे. वहिनी स्वतःच खुर्चीवर बसल्या तर काय करावे, हे मात्र कोणत्याही परिपत्रकात सांगितलेले नाही. शेजारच्या एका पंचायतीत असे घडले. बाईंनी पहिल्याच बैठकीत कॅशबुक मागितले आणि सचिव आठ दिवस रजेवर गेले.

मिळकतीबद्दल निश्चिंत असावे. २०२२ च्या डिसेंबरात सरपंचांचे मानधन महिन्याला १,७५० रुपयांवरून ४,२५० रुपये करण्याची घोषणा झाली. एवढ्या रकमेत दादांच्या ट्रॅक्टरची टाकी एकदा भरत नाही, पण मान म्हणून तिचे महत्त्व आहे. शिवाय किसान सन्मान निधीचे वर्षाला सहा हजार रुपये आपले कोठेही जात नाहीत. त्या योजनेतून खासदार, आमदार, महापालिकेचे महापौर आणि जिल्हा पंचायतीचे अध्यक्ष वगळलेले आहेत, सरपंच वगळलेला नाही. म्हणजे दोन हजारांचा हप्ता नाकारावा इतकाही हा माणूस मोठा नाही, हे सरकारने लिहून दिलेले आहे. आपण तो कागद जपून ठेवावा, कारण पंचायत अधिनियमाच्या ९२व्या कलमाखाली वसुलीची नोटीस येते तेव्हा हाच माणूस एकाएकी लोकसेवक होतो.

पैशाविषयी आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. २०२१ ते २०२६ या वर्षांत पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेला असे. उरलेल्या चाळीसांत गावाने काय ते करायचे असे आणि गावाला सर्वांत आधी सिमेंटचा रस्ता हवा असतो. म्हणून आधी रस्ता करावा. तो वाळला की नळयोजनेची पाइपलाइन येते आणि तो मधोमध खोदते. क्रम उलटा का करत नाहीत, असे मी एकदा विचारले होते. दादा म्हणाले, “अरे, दोन योजना आहेत, दोन ठेकेदार आहेत. ते एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत.”

आता मुख्य उपदेशाकडे येतो. सरपंच झालेल्या शेतकऱ्याने आपले शेत प्रत्येक यादीत सर्वांत शेवटी ठेवावे. आपल्या लाइनीवरचे ट्रान्सफॉर्मर जळले तर ते बदलण्यासाठी अर्ज करू नये, कारण त्याच लाइनीवर आणखी बावीस पंप असले तरी गाव फक्त आपला मोजते. गव्हाला दुसरे पाणी द्यायची वेळ टळून जात असली तरी तोंडाला कुलूप लावून बसावे आणि दुसऱ्या कोणाच्या तरी काकांना अर्ज करायला लावावा. खताची गाडी सोसायटीत आली की रांगेत उभे राहू नये. राहिलात तर ‘सरपंचाला काय कमी आहे’ आणि न राहिलात तर ‘सरपंचाच्या घरी रात्रीच पोत्या पोचल्या’ असे ऐकू येईल. दुसरे वाक्य सहन करायला थोडे सोपे आहे, कारण निदान उन्हात उभे राहावे लागत नाही.

रस्त्याचे उदाहरण डोळ्यांदेखतचे आहे. २०२३ साली गावापासून खळ्यांकडे जाणारा सिमेंटचा रस्ता मंजूर झाला. तो सरळ पुढे नेला असता तर दादांच्या शेताच्या फाटकासमोरून गेला असता. दादांनी उपयंत्र्यांना सांगून तो फाटकाच्या अकरा पावले अलीकडे थांबवला आणि हे आपण जाहीरपणे केले पाहिजे म्हणून ग्रामसभेत सांगितलेही. सप्टेंबरच्या शेवटी ऐन कापणीत पाऊस आला. सोयाबीनने भरलेली ट्रॉली फाटकातून बाहेर पडली आणि त्या अकरा पावलांत फसली. माळव्यातली काळी माती पावसात कशी होते हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगायला नको. चाक फिरले की ते पुढे जात नाही, फक्त खाली जाते. मग ज्या गृहस्थांनी रस्त्यात खडी कमी घातल्याची तक्रार १८१ या सरकारी हेल्पलाइनवर केली होती, तेच आपला ट्रॅक्टर घेऊन आले, साखळी बांधली, ट्रॉली ओढून काढली आणि हात झटकत म्हणाले, “साब, ग्यारह कदम और बनवा लेते!” दादांनी त्यांना चहा पाजला. आपणही पाजावा, त्या प्रसंगी याहून वेगळे काही सुचत नाही.

१८१ चे नाव निघालेच आहे तर तेही समजून घ्यावे. मुख्यमंत्री हेल्पलाइनवर कोणीही फोन करून तक्रार नोंदवू शकतो आणि ती वेळेत सुटली नाही तर एल-१ अधिकाऱ्यापासून एल-४ पर्यंत वर चढत जाते. व्यवस्था उत्तम आहे. तिचा शेवट तक्रारदार ‘संतुष्ट’ होण्यात असतो आणि हा संतोष मिळवण्याचे काम शेवटी गावातल्या माणसाकडे येते. आपली नाली दुरुस्त झाली असली तरी तक्रारदार संतुष्ट असतोच असे नाही. त्याचे भावाशी बांधावरून भांडण असते, मुलाचे लग्न जमत नसते, आणि हे सारे तो नालीच्या खात्यावर ठेवतो. एका थंडीच्या संध्याकाळी दादा अशाच एका म्हाताऱ्या बाबांच्या अंगणात शेकोटीपाशी दोन तास बसले होते आणि त्यांच्या नातवासाठी स्थळे सुचवीत होते. स्थळ पसंत पडले, तक्रार बंद झाली. मंगळवारच्या जनसुनावणीत तीच तक्रार पुन्हा आली, तेव्हा कळले की मुलीकडच्यांनी नकार कळवला होता.

मजुरांच्या हजेरीचेही असेच. २०२३ च्या जानेवारीपासून मनरेगाच्या कामावर मोबाइलमधून दिवसातून दोनदा, ठिकाणासकट फोटो टाकणे सक्तीचे झाले. आमच्या गावात नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर येते, काम मात्र तळ्यावर होते. रोजगार सहायक सकाळी तळ्यावर फोटो काढतो, सायकल दामटत टाकीपाशी येतो, फोटो चढेपर्यंत दुपारच्या फोटोची वेळ होते. हे फोटो ज्या दिवसांत नेमाने मागितले जातात त्याच दिवसांत सोयाबीनची कापणी असते, जिथे मजुराला सरकारी दरापेक्षा बरीच अधिक मजुरी मिळते. त्यामुळे तळ्यावर कोणी नसते. जनपदेतून, म्हणजे तालुक्याच्या पंचायतीतून, फोन येतो की आपल्या पंचायतीचे मानव-दिवस घटले आहेत. दादा तो फोन स्वतःच्या शेतात, हातात विळा घेऊन, मजूर मिळाले नाहीत म्हणून एकटेच कापत असताना घेतात.

पीक निघाले की आपला खरा कस लागतो. इंदूर हे सोयाबीनचे माहेर आहे. खंडवा रोडवर १९८७ पासून सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, आणि गावातल्या कोणत्याही म्हाताऱ्याला सोयाबीनचे जेएस ९५-६० हे वाण किती दिवसांत तयार होते हे नातवाच्या वयापेक्षा अचूक माहीत असते. मंडीत ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की भाव उतरतो. यंत्र लावण्याआधी लोक दादांकडे येतात, कारण दादा दाणा दाढेखाली धरतात आणि तो ‘कट्’ वाजला तर ‘ने’ म्हणतात, नुसता दबला तर ‘अजून एक ऊन दे’ म्हणतात. २०२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच खाली. तेव्हा या दोहोंतला फरक शेतकऱ्याला देणारी २०१७ मधली भावांतर योजना राज्याने पुन्हा सुरू केली. तिच्यासाठी पोर्टलवर नोंदणी हवी होती. दादांनी मुदतीचे सारे दिवस पंचायत भवनात बसून काढले. कोणाचा आधारशी मोबाइल जोडलेला नव्हता, कोणाच्या खसऱ्यात सोयाबीनच्या जागी मका चढला होता, एका विधवा काकूंचे अंगठ्याचे ठसे वर्षानुवर्षे शेण थापून पुसले गेले होते आणि यंत्र त्यांना ओळखत नव्हते. सर्वांचे झाले. स्वतःचे करायला ते बसले तेव्हा मुदत संपली होती. हा दोष कोणाचाही नाही, त्यांचाच आहे, असे वहिनी म्हणतात आणि मलाही तसेच वाटते. दादांनी आपले सोयाबीन मिळेल त्या भावाने विकले. गावात मात्र चर्चा अशी की सरपंचाला फरकाची रक्कम सर्वांच्या आधी मिळाली, म्हणून तर तो इतका गप्प आहे.

या सर्वांवर एक सोपा उपाय उपलब्ध आहे आणि तो सुचवणारे लोक पांढऱ्या गाडीतून स्वतः होऊन येतात. इंदूर चारी दिशांना वाढत आहे, आणि आपल्या भाषेत ज्याला कॉलनी काटणे म्हणतात तो शेताचे प्लॉट पाडून विकण्याचा व्यवसाय शेतीहून कितीतरी जास्त उत्पन्न देतो, त्यात पावसाचाही संबंध नाही. बारा बिघे म्हणजे आपल्या हिशेबाने तीन हेक्टर. दोन मजली फाटक, एक कारंजे आणि ‘ग्रीन’ हा शब्द असलेले नाव बसायला तेवढे पुरते. शेत विकून टाकलेला सरपंच हा आदर्श सरपंच होय. त्याचा पंप नसतो, पोते नसते, ट्रॉली नसते, त्यामुळे त्याच्यावर आरोपही कशाचा करणार? दादांना हा हिशेब तीनदा समजावण्यात आला. ते ऐकून घेतात, पाहुण्यांना हरभऱ्याचे डहाळे देतात आणि गाडीपर्यंत पोचवून येतात.

शेवटी शेजारच्याने विकले. दादांच्या पलीकडची अठरा बिघे गेली, तिथे चुन्याच्या रेघा पडल्या, आणि नव्या मालकाला गिऱ्हाइकांच्या गाड्या आत आणायच्या असल्यामुळे त्याने स्वखर्चाने, दोन रात्रींत, पंचायतीचा रस्ता संपतो तिथपासून स्वतःच्या फाटकापर्यंत सिमेंट ओतून टाकले. ती अकरा पावले वाटेतच होती. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पहिला प्रश्न साखळीवाल्या गृहस्थांनी विचारला की सरपंचांच्या शेतासमोर रस्ता कोणत्या मदातून झाला. दादांनी कागद दाखवले, खर्च पंचायतीचा नाही हे वाचून दाखवले. लोकांनी ते शांतपणे ऐकले आणि मान हलवली, म्हणजे मग बिल्डरने सरपंचाला रस्ता बांधून दिला, असे ठरले.

मागच्या रविवारी गेलो तेव्हा दादा आणि त्यांचा हाळी, म्हणजे शेतगडी, फाटक उपटत होते. लोखंडी फाटक जुने, आजोबांच्या वेळचे, दोघांनाही उचलत नव्हते, म्हणून मीही हात लावला. ते आम्ही शेताच्या मागच्या बाजूला, नाल्याच्या अंगाला नेऊन उभे केले. तिकडे रस्ता नाही, पावसाळ्यात गुडघाभर पाणी असते आणि ट्रॉली काढायला दोन ट्रॅक्टर लागतील. खांबाचा खड्डा बुजवून दादांनी पहारीने माती ठोकली, मागे सरकून पाहिले आणि विचारले की गावातून हे फाटक कुठून दिसत तर नाही ना.