प्रतिक्रियेला उत्तर : ९११चं श्रेय उसनं नाही

नमस्कार. पोर्शे ९११वरच्या माझ्या लिखाणाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ल मान्स ही फ्रान्समधली २४ तासांची शर्यत गाजवली ती पोर्शेच्या ९१७, ९५६, ९६२ अशा खास शर्यतीसाठी घडवलेल्या गाड्यांनी. ९११ ही रस्त्यावरची गाडी, तिला मी त्यांचं श्रेय उसनं दिलं, असा तुमचा आक्षेप. पहिला भाग बिनतोड आहे. १९७० साली हान्स हेर्मान आणि रिचर्ड अ‍ॅटवूड यांनी पोर्शेला तिथलं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं, ते ९१७मधूनच. ९११ला मी ‘ल मान्सची राणी’ म्हटलं होतं. ते शब्द आता काढून टाकलेत.

पण ‘उसनं’ हा शब्द मला मान्य नाही.

१९६७मध्ये चार स्विस ड्रायव्हर इटलीतल्या मोंझाच्या ट्रॅकवर २०,००० किलोमीटरचा विक्रम करायला गेले. जो सिफर्ट हा शर्यतपटू त्यांतलाच एक. गाडी होती ९०६, म्हणजे तुम्ही म्हणता तशी अस्सल शर्यतीची. मोंझाच्या तिरक्या, उंच वळणांवरचं काँक्रीट इतकं खडबडीत होतं, की तिचं सस्पेन्शनच, म्हणजे धक्के झेलणारी यंत्रणाच, हार मानून बसली. मग घाईघाईने ९११ आर, म्हणजे ९११चीच शर्यतीसाठीची आवृत्ती, आणली गेली. तिने तेच काँक्रीट चार दिवस, चार रात्री सोसलं आणि ताशी २०९ किलोमीटरच्या सरासरीने अंतर पुरं केलं. इंजिन दोघींचं एकाच घराण्यातलं, त्यामुळे प्रश्न ताकदीचा नव्हताच. टिकला तो ९११चा सांगाडा, आणि तो मुळात रोजच्या रस्त्यांचे धक्के खाण्यासाठी बांधलेला होता. तुम्ही जिला तिची उणीव समजता, तीच तिथे कामी आली.

त्याच वर्षी जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकवरची ८४ तासांची शर्यतही ९११ आरनेच जिंकली. त्या गाडीत क्लचचं पेडलच नव्हतं! स्पोर्टोमॅटिक नावाचा गिअरबॉक्स, गिअरच्या दांड्याला हात लागला की क्लच आपोआप सुटायचा. साडेतीन दिवस तो एकसारखा सुटत-धरत राहिला.

अमेरिकेतली डेटोनाची १९७३ची २४ तासांची शर्यत तर तुम्हीही मान्य कराल. मात्रा, मिराज यांच्यासारख्या प्रोटोटाइप, म्हणजे खास शर्यतीसाठी घडवलेल्या गाड्या बंद पडत गेल्या आणि पीटर ग्रेग व हर्ली हेवुड यांची ९११ कॅरेरा आरएसआर २४ तासांनंतर २२ फेऱ्या पुढे होती.

१९७९च्या ल मान्सला जिंकलेली क्रेमर बंधूंच्या खासगी संघाची ९३५ के३ ‘नावालाच ९११’, असं तुम्ही लिहिलंत. तिचं बाह्यांग बदललं होतं, खरंय. पण क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं मुख्य कवच, रस्त्यावरच्या ९११ टर्बोच्या घडणीतलाच, आणि इंजिन होतं तिथेच, मागच्या चाकांच्याही मागे. भर पावसात खुद्द पोर्शे कारखान्याच्या ९३६ या शर्यतीच्या गाड्या बाद झाल्या, ही टिकली.

१९९८ला ल मान्स जिंकलेली ९११ जीटी१ खरी ९११ नव्हे, हे तुमचं म्हणणं मात्र मला पटतं. तिचं इंजिन मागच्या चाकांच्या पुढे होतं. नावात ९११ असूनही तो विजय मी या हिशेबात धरत नाही.