मालकांचे उत्तर: राईल्स ट्यूब, एक्स-रे आणि १२०० रुपये

नमस्कार सर,

आमच्या घरी येऊन नर्सिंग करण्याच्या सेवेबद्दलचा तुमचा अभिप्राय वाचला. राईल्स ट्यूब, म्हणजे नाकातून जठरात घालून भरवायची नळी, बदलण्याच्या नादात वडिलांचं रात्रीचं भरवणं लांबलं, याबद्दल मनापासून दिलगीर आहे. सिस्टर नाशिकच्या द्वारका चौकात अडकल्यामुळे पोचायला उशीर झाला, त्याचीही माफी मागते.

पण तुम्ही लिहिलंय, "नळी घातल्यावरही दूध दिलं नाही, कमिशनसाठी एक्स-रे काढायला लावला, आणि नळी तर बरोबरच निघाली." हे फार लागलं. आमच्याकडे लोक हेच अभिप्राय वाचून फोन करतात, म्हणून उत्तरही इथेच देते. पेशंटचं नाव किंवा आजार मात्र लिहिणार नाही.

नाकातून घातलेली नळी जठरात गेली की श्वासनलिकेत, हे बाहेरून दिसत नाही. धडधाकट माणसाच्या श्वासनलिकेत गेली तर तो खोकून बेजार होईल. अंथरुणाला खिळलेल्या, गिळता न येणाऱ्या पेशंटला कधी कधी ठसकासुद्धा लागत नाही. अशा वेळी २०० मिली दूध सोडलं तर ते थेट फुफ्फुसात जातं. पुढे काय होतं ते मी आयसीयूत नोकरीला असताना पाहिलंय.

तुमचं म्हणणं होतं, "आधीचा मुलगा सिरिंजने हवा मारून पोटावर स्टेथोस्कोप लावायचा, दोन मिनिटांत काम." सर, नळी फुफ्फुसात असली तरी त्या हवेचा गुडगुड आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो. ब्रिटनमध्ये २००५ सालीच रुग्णालयांना या आवाजावर विसंबू नका असं सांगितलं गेलं. आपल्याकडे अजून सर्रास चालतं, पण माझ्या सिस्टरना मी ते करू देत नाही.

त्या दिवशी सिस्टरनी नाकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत माप घेऊन नळी घातली. मग सिरिंजने नळीतून आतलं थोडं पाणी ओढून पीएचच्या, म्हणजे आम्लता दाखवणाऱ्या, पट्टीवर टाकलं. जठरातलं पाणी आम्लधर्मी असतं, आणि आम्ल जास्त तितका आकडा कमी. आकडा ५.५ किंवा त्याखाली आला की नळी जठरात आहे असं धरून भरवता येतं. पट्टीवर ६ आला. वडिलांना डाव्या कुशीवर वळवून, थोडं थांबून पुन्हा पाहिलं, तरी ६च. त्यांना ॲसिडिटीची गोळी रोज चालू आहे, त्यामुळे असं होऊ शकतं. पण "गोळीमुळेच असेल" असं धरून दूध सोडायचं का? तिथे एक्स-रेशिवाय खात्रीचा मार्ग नाही. एक्स-रे बरोबर आला याचा आम्हालाही आनंदच झाला. म्हणून तो उगाच काढला असं कसं म्हणता?

एक्स-रेवाले तुम्ही स्वतः शोधलेत, पैसे तुम्ही त्यांनाच दिलेत. त्यातला एक रुपयाही आमच्याकडे आलेला नाही. आम्ही घेतलेल्या १२०० रुपयांत सिस्टरची व्हिजिट, नळी, सिरिंज, जेली, ग्लोव्ह्ज, पट्ट्या आणि नाशिकरोडहून गंगापूर रोडपर्यंत जाणं-येणं सगळं आलं. "मेडिकलमध्ये ६० रुपयांची नळी" हे खरंय, पण ती घालणारं शिकलेलं माणूस मेडिकलमध्ये मिळत नाही.

आणखी एक लिहायचं नव्हतं, पण लिहिते. सिस्टर पट्टी तपासत असताना घरातलं एक माणूस पेजेची वाटी घेऊन "येत नसेल तर सांगा, आम्हीच घालतो" असं तीनतीनदा म्हणत होतं. तरीही सिस्टरनी आवाज चढवला नाही आणि भरवूही दिलं नाही. माझ्या लेखी त्या दिवशीचं सगळ्यात मोठं काम तेच. शिवाय आधीची नळी बंद पडली ती जाडसर कुटलेल्या गोळ्या दुधात कालवून दिल्यामुळे. गोळी एकेक करून पाण्यात पूर्ण विरघळवायची, आधी आणि नंतर साधं पाणी सोडायचं, हे सिस्टरनी मागच्या खेपेलाही सांगितलं होतं. काही गोळ्या तर कुटायच्याच नसतात, तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या.

यापुढे एक्स-रे लागू शकतो हे फोनवरच आधी सांगायचं ठरवलंय, आणि वेळेचंही बघतो.

नाकपुडीजवळ नळीवर मार्करची खूण केलेली आहे. भरवण्याआधी दर वेळी ती जागेवर आहे ना पाहा, उशाकडची बाजू उंच ठेवा आणि भरवून झाल्यावरही अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्या. खूण सरकलेली दिसली तर काहीही न देता फोन करा, रात्र असली तरी चालेल. ती तपासणी करायला आम्ही पैसे घेणार नाही.