स्कॅनमध्ये काही दिसलं नाही, म्हणून दुखणं खोटं?

‘आता वेदना फोटोत दिसते. पेट स्कॅन केला की दुखरी जागा लाल चमकते. जितकी चमक तितकं दुखणं. चमकली नाही तर पेशंट नाटक करतोय. प्रत्येकाने करून घ्यावा.’ हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर आला, आणि त्याच ग्रुपवर माझी मावशी आहे. सहा वर्षं तिची कंबर दुखतेय, रिपोर्ट सगळे ‘नॉर्मल’. म्हणून हे लिहितेय.

‘दुखरी जागा चमकते.’ पेट स्कॅनआधी शिरेतून एक किरणोत्सारी द्रव्य देतात. नेहमीचं द्रव्य एफडीजी, म्हणजे ग्लुकोजचं भावंडच. ज्या पेशी साखर जास्त ओढतात तिथे ते साठतं: कर्करोगाची गाठ, सूज, जंतुसंसर्ग. मेंदू तर सगळ्यांचाच उजळतो. स्कॅनआधी स्वस्थ पडून राहायला सांगतात, कारण हालचाल केली तर धडधाकट स्नायूही उजळतात. चित्रात दिसते ती साखरेची उचल, वेदना नव्हे. लाल रंगसुद्धा संगणकाने आकड्यांना दिलेला असतो.

‘जितकी चमक तितकं दुखणं.’ इथे जरा थांबायला हवं, कारण मेसेजमागे खरं संशोधन आहे. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले मार्को लोजिया आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये जुन्या कंबरदुखीच्या रुग्णांचे मेंदू तपासले. टीएसपीओ नावाच्या प्रथिनाला चिकटणारं द्रव्य त्यांनी वापरलं. मेंदूतल्या ग्लिया पेशी, म्हणजे चेतापेशींना सांभाळणाऱ्या पेशी, चेतल्या की हे प्रथिन वाढतं. रुग्णांच्या थॅलॅमसमध्ये, म्हणजे शरीराकडून आलेले संदेश पुढे पाठवणाऱ्या मेंदूच्या भागात, ते निरोगी माणसांपेक्षा जास्त आढळलं. पण रुग्णांची आपसात तुलना केली तेव्हा ज्यांच्यात ही खूण जास्त, त्यांचं दुखणं कमी निघालं! या पेशी कदाचित दाह आवरायला मदत करत असाव्यात, असा संशोधकांचा अंदाज. शिवाय एका जनुकातल्या फरकामुळे काही लोकांत हे द्रव्य मुळातच कमी चिकटतं, त्यामुळे आधी जनुक तपासावं लागतं. अशा चित्रावरून ‘तुला किती दुखतंय’ हे कोण ठरवणार?

‘चमकलं नाही म्हणजे नाटक.’ या वाक्याचा मला खरोखर राग येतो. एक द्रव्य फक्त आपलं लक्ष्य शोधतं, बाकी शरीराबद्दल ते मुकं असतं. स्कॅनरला काही मिलिमीटरपेक्षा बारीक काही नीट दिसत नाही, आणि वेदना वाहणारे तंतू त्याहून कितीतरी बारीक. उलट बाजूही बघा. अजिबात पाठ न दुखणाऱ्या 3,110 लोकांच्या सीटी आणि एमआरआय स्कॅनचा आढावा 2015 मध्ये निघाला. विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या होत्या. दिसतं पण दुखत नाही हे शक्य असेल, तर दुखतं पण दिसत नाही हेही शक्य आहे. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये व्याख्या सुधारताना लिहिलंच आहे की वेदना हा नेहमीच व्यक्तिगत अनुभव असतो आणि माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या सांगण्याचा मान राखावा.

‘प्रत्येकाने करून घ्यावा.’ नको. खर्च मोठा, किरणोत्सार अंगावर. कर्करोग किंवा संसर्गाची शंका असली तर डॉक्टर स्वतःच लिहून देतात.