हॅमर डीरॉबर्ट यांना नुसते उधळे म्हणणे अन्यायाचे आहे

प्रशांत महासागरातल्या नाउरू या बेटराष्ट्राविषयी लिहिणारे बहुतेकजण फॉस्फेट या खतासाठीच्या खनिजाच्या पैशाने डोके फिरलेल्या देशाची गोष्ट सांगतात आणि त्या गोष्टीत पहिले राष्ट्राध्यक्ष हॅमर डीरॉबर्ट यांच्या वाट्याला उधळ्या कारभाऱ्याची भूमिका येते. मला हा निवाडा उथळ वाटतो.

अवघ्या २१ चौरस किलोमीटरच्या या बेटावरून १९४३ मध्ये जपान्यांनी सुमारे १२०० नाउरूवासीयांना ट्रुक बेटांवर वेठीला नेले. विशीतले डीरॉबर्टही त्यांत होते. ३१ जानेवारी १९४६ रोजी त्यांपैकी ७३७ जण परत आले. पुढे १९६८ मध्ये स्वातंत्र्यासाठी मुद्दाम हीच तारीख निवडली गेली.

पेशाने शिक्षक असलेले डीरॉबर्ट १९५६ मध्ये स्थानिक परिषदेचे प्रमुख झाले. फॉस्फेटचा साठा संपल्यावर बेट राहण्याजोगे उरणार नाही, तेव्हा क्वीन्सलँडजवळच्या कर्टिस बेटावर येऊन ऑस्ट्रेलियाचे नागरिक व्हा, असा प्रस्ताव तेव्हा बेटाचा कारभार पाहणाऱ्या ऑस्ट्रेलियाने त्यांच्यापुढे ठेवला. घरे मिळणार होती, मात्र स्वतंत्र राष्ट्र म्हणून ओळख मिळणार नव्हती. म्हणून १९६४ मध्ये नाउरूने तो नाकारला. ज्या माणसाने एकदा सक्तीचे स्थलांतर भोगले आहे, त्याला हे दुसरे स्थलांतर कितीही सोयीचे करून दाखवले तरी पटणार कसे? त्यानंतर १९६७ च्या करारात ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या संयुक्त आयोगाकडून खाणीची सारी मालमत्ता २.१ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरना विकत घेण्याचे ठरले आणि १९७० मध्ये खाण नाउरूच्या ताब्यात आली.

चुकले ते इथून पुढे. खाणकाम झालेल्या पठारावर फॉस्फेट खरवडून नेल्यावर चुनखडीचे उंच, धारदार सुळके तेवढे उरत, ज्यांच्यामधून धड चालताही येत नाही, आणि परक्यांनी चालवलेले हेच खोदकाम डीरॉबर्ट यांच्या सरकारनेही चालू ठेवले. पैसा विमानसेवेत गेला, मेलबर्नमधल्या ५२ मजली नाउरू हाउसमध्ये गेला. फॉस्फेट पक्ष्यांच्या विष्ठेपासून झाले असे मानले जाई, म्हणून या इमारतीला तिथले लोक पक्ष्यांच्या शिटीचा मनोरा म्हणून हिणवत. ज्यांची शेते याच फॉस्फेटवर पोसली गेली, त्यांनी असे म्हणणे म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणे झाले. तरीही जमीन पूर्ववत करण्याचे काम आपल्याच उत्पन्नातून सुरू करायला डीरॉबर्ट यांना कोणी अडवले नव्हते, आणि या दोषातून मी त्यांना सोडणार नाही.

अठरा सदस्यांच्या संसदेत दोन-चार जण फिरले की सरकार जाई. १९७६ मध्ये ते बर्नार्ड डोवियोगो यांच्याकडून हरले, १९७८ मध्ये परतले आणि ऑगस्ट १९८९ मध्ये अविश्वास ठरावाने कायमचे पायउतार झाले. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांच्या सरकारने स्वातंत्र्यापूर्वीच्या खाणकामाबद्दल ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले होते. खटला चालवण्याचा आपल्याला अधिकार आहे, असा निर्णय न्यायालयाने २६ जून १९९२ रोजी दिला आणि १५ जुलैला डीरॉबर्ट मेलबर्नमध्ये वारले. ऑस्ट्रेलियाने १०.७ कोटी डॉलर देऊन तडजोड केली, ती पुढच्या वर्षी.