एसीत दरवर्षी गॅस? माझ्याच मेसेजचा खुलासा
भावांनो, "दरवर्षी उन्हाळ्याआधी एसीत गॅस भरा नाहीतर बिल डबल" हा मेसेज परवा ग्रुपवर मीच टाकलावता, तो चुकीचा हाय. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद पाइपात तोच तोच फिरतो, कमी झाला म्हणजे कुठंतरी लीक, आणि लीक न काढता भरला की परत जाणारच. आमच्या राजारामपुरीतल्या घरी मेकॅनिकनं गेज लावून दाखवलं, प्रेशर बरोबर, पण फिल्टरची जाळी काढली तर धुळीची नुसती गोधडी! नळाखाली धुतली, सावलीत वाळवून बसवली, झालं की गार. वरच्या मजल्यावाल्यांनी स्लॅबवर पांढरा चुना मारला, दाराखालची फट बुजवली तर आणखी फरक पडतो. तेवढा जुना मेसेज पुढं ढकलू नका, जिथं पाठवलाय तिथं हा टाका.